रकाना कोरा सोडू नये

अभिलेख कक्षात रुजू झालो त्या दिवशी हेडक्लार्कांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, जुनं बाड उघडण्याआधी टेबलावर दोनदा आपटायचं, म्हणजे आतले किडे आणि कधीमधी विंचू बाहेर येतो. दोन, नोंदवहीतला रकाना कोरा सोडायचा नाही. माहिती असेल तर लिहायची. नसेल तर आडवी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कुणी तिथे काही घुसडत नाही. आणि माहिती वरच्या माणसासारखीच असेल तर ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळं व्हायचं. तपासणीला येणारा साहेब नोंदी वाचत नाही, कोरे रकाने शोधतो. छत्तीस वर्षांत याला अपवाद असलेला साहेब मला भेटला नाही. विंचू तीनदा भेटला.

निवृत्तीनंतर वसई तालुक्यातल्या आचोळ्याच्या दोन खोल्यांत घरी बसलो. सोबत एकच कसब होतं, मोडी वाचण्याचं. मोडी म्हणजे मराठीची जुनी धावती लिपी. तीत लिहिणाऱ्याला घाई असायची आणि त्याचे भोग वाचणाऱ्याला भोगावे लागतात. सुरुवातीला माझ्याकडे इथलेच लोक यायचे, बहुतेक जमिनीचे कागद घेऊन. कागदात काय आहे हे त्यांना आधीच ठाऊक असायचं. मला फक्त दुजोरा द्यायचा असे. एका बांधकामवाल्या गृहस्थांना आपले पूर्वज किल्लेदार होते असं निघायला हवं होतं. कागद निघाला तो खापरपणजोबांनी शेजाऱ्याची म्हैस अडवून ठेवल्याबद्दलच्या तक्रारीचा. ते चहा न घेता गेले.

मग मॉरिशसची माणसं येऊ लागली. ओळखीतून ओळख. पहिलं जोडपं माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने पाठवलं आणि पुढे दर हिवाळ्यात दोन-तीन तरी येतातच.

मॉरिशस म्हटलं की आपल्या लोकांना मधुचंद्राची जाहिरात आठवते. तो देश आपल्या पालघर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. ज्वालामुखीतून वर आलेला, भोवती प्रवाळाचं कडं, मधे उसाची शेतं, उन्हाळ्यात चक्रीवादळं. माणसं तिथे मुळात नव्हतीच. डचांनी येऊन बेटाला आपल्या राजपुत्राचं नाव दिलं आणि डोडो पक्षी संपवला. फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणून ऊस वाढवला. इंग्रजांनी बेट जिंकून घेतलं, पुढे गुलामगिरी बंद केली आणि उसाला माणसं कमी पडू लागल्यावर हिंदुस्थानातून गिरमिटावर मजूर नेले. गिरमिट म्हणजे करार. पाच वर्षांचा. अंगठा उठवणाऱ्याला तो वाचता येत नसे, हीच त्या कराराची सोय होती. बिहारी आणि तमिळ जास्त गेले, तेलुगू गेले आणि मुंबई बंदरातून आपले मराठीही गेले. आज तिथे कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच, घरात क्रिओल आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी आहे. उसाच्या शेतांत काळ्या दगडांच्या मोठमोठ्या राशी दिसतात म्हणे. जमीन नांगराखाली यावी म्हणून आपल्या लोकांनी हातांनी वेचून रचलेल्या. पर्यटक त्यांचे फोटो काढतात.

या लोकांची आडनावं हे आमच्या धंद्यातलं पहिलं कोडं. गोऱ्या कारकुनाने जहाजावरून उतरलेल्याला नाव विचारलं. तो म्हणाला धोंडी. झालं, पुढच्या पाच पिढ्यांचं आडनाव धोंडी. खरं आडनाव, घराणं, कूळ सगळं समुद्रात. उरतो तो नोंदवहीतला उतारा. त्यात क्रमांक, जहाज, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, तालुका, जिल्हा. तो उतारा घेऊन ते येतात. मी त्या गावच्या जुन्या दप्तरात, देवस्थानाच्या वह्यांत आणि खोताच्या कागदांत तो माणूस शोधायचा. दहांतला एखादा सापडतो.

एक गृहस्थ सूट घालून आले होते. सोबत सिंह आणि तलवार असलेलं छापील घराण्याचं चिन्ह. पूर्वज सरदार होते याबद्दल त्यांना शंका नव्हती, मी फक्त कुणाच्या पदरी ते सांगायचं होतं. मी उतारा वाचला. उंची पाच फूट एक इंच, चेहऱ्यावर व्रण.

“तलवारीचे!” ते उठून उभेच राहिले.

“देवीचे,” मी म्हणालो. “दोन्ही गालांवर.”

माझी पत्नी नलिनी आतून म्हणाली, “अहो, बरे होऊन गेले ना बिचारे, ते सांगा आधी.”

कमलाबाई धोंडी अशा नव्हत्या. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिक्षिका, एकट्या आलेल्या. त्यांच्या गावी संध्याकाळच्या बैठकीत मराठी शिकवतात, तिथेच त्या शिकल्या आणि पुढे तिथेच शिकवू लागल्या. त्यामुळे त्यांचं मराठी पाठ्यपुस्तकासारखं स्वच्छ होतं. तसं कुणी बोलताना मी आचोळ्यात तरी ऐकलं नव्हतं.

“गुरुजी,” त्या बसता बसता म्हणाल्या, “मला पूर्वज मोठे होते असे सिद्ध करावयाचे नाही. मला केवळ गाव पाहावयाचे आहे. माझ्या हृदयाचे दोन वेळा शल्यकर्म झाले आहे. पुन्हा विमानात बसण्यास वैद्य अनुमती देणार नाहीत. म्हणून यावेळी चूक होऊ नये.”

एवढंच त्यांचं म्हणणं होतं. चूक होऊ नये.

त्यांच्या पूर्वजाचा उतारा फार स्वच्छ होता. धोंडी, बापाचं नाव राघो, वय बावीस, गाव, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण झाल्या प्रकारात त्या गावाचा काही दोष नाही.

माझा एक नियम आहे. उताऱ्यावर थांबायचं नाही. तिकडच्या दप्तरातून नोंदवहीच्या संपूर्ण पानाची प्रत मागवायची, कारण उतारा हा कुणीतरी उतरवलेला असतो, आणि उतरवणारा कारकून असतो, आणि कारकुनांना मी ओळखतो. पानाला तीन आठवडे लागतात. पण गावच्या सरपंचांना मी चौकशीसाठी फोन केला होता आणि तोच घात झाला. त्यांनी परस्पर तारीख ठरवली, कारण त्या दिवशी त्यांचे कुणी नेते तिकडे येणार होते.

“साहेब, मंडप सांगितलाय,” सरपंच म्हणाले. “ढोल सांगितलेत. तुमचापण सत्कार आहे. आता पान-बिन काय करताय? कागदावर गावाचं नाव आहे ना आमच्या?”

होतं. शिवाय मी थकलो होतो. गुडघे दुखत होते आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई तीन आठवडे नालासोपाऱ्याच्या लॉजमध्ये बसून राहणार हेही बरं वाटत नव्हतं. ही सगळी कारणं खरी आहेत. सत्कार हे कारण नव्हतं, असं मी शपथेवर सांगणार नाही.

त्या आठवड्यात कमलाबाई रोज दुपारी आमच्याकडे यायच्या. नलिनीला त्यांच्या गोष्टी ऐकायला आवडायचं. वादळ यायच्या आधी आजी देवाला सांगून घराला दोरखंड बांधायची ती गोष्ट. मालकाच्या शेतातले दगड वेचताना आजी ज्या ओव्या म्हणायची, त्यांतले अर्धे शब्द कुणालाच कळत नसत, ती गोष्ट. आणि आजी केळी वाळवायची ती.

“सोललेली पूर्ण केळी, न कापता,” त्या हातांनी दाखवत म्हणाल्या. “चटईवर, उन्हात. दररोज परतवायची. मग केळीच्याच खोडाच्या वाळलेल्या सोपात गुंडाळून, केळीच्याच दोरीने बांधावयाचे. आम्ही क्रिओलमध्ये त्यास केवळ ‘सुके केळे’ म्हणतो. शेजारचे बिहारी लोक हसत असत.”

मी मान हलवली. उष्ण कटिबंधातलं बेट, तिथे केळी असणारच. चष्मा पुसला आणि गाडीचं आरक्षण बघत बसलो.

सोहळा सोहळ्यासारखा झाला. वेशीवर कमान, कमानीवर नेत्यांचा फोटो मोठा आणि कमलाबाईंचं नाव लहान. भाषणांत मॉरिशस हा शब्द चार जणांनी चार प्रकारे उच्चारला. नेत्यांनी तिथे मराठी माणसं राज्य करतात असं सांगितलं. टाळ्या पडल्या. कमलाबाई हळूच माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हे मला ठाऊक नव्हते.” मला शाल आणि नारळ मिळाला. शाळेच्या भिंतीत संगमरवरी दगड बसवला होता. मॉरिशसकन्या अमुक यांचे हे मूळ गाव.

भाषणं संपल्यावर एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. ढोलाशी, मंडपाशी तिला देणंघेणं नव्हतं. तिने कमलाबाईंचा हात धरला.

“बाय, तुमचा देव कंचा?”

कमलाबाईंनी आजीकडून ऐकलेलं एका देवीचं नाव सांगितलं. म्हातारीने मान हलवली.

“आमच्याकडं न्हाय ती,” ती म्हणाली.

सरपंच मधे आले. “अगो आज्जी, देव काय, सगळीकडे एकच!”

मला तेव्हा थांबायला हवं होतं. म्हातारीने दीडशे वर्षांच्या कागदाला एका प्रश्नात उघडं पाडलं होतं. पण माझ्या हातात नारळ होता.

म्हातारीने मात्र पुढे वाद घातला नाही. घरातून तांदूळ आणि खण आणून कमलाबाईंची ओटी भरली. “येवढा समुद्र वलांडून आलीस,” म्हणाली, “कुनाची का असंना.” कमलाबाई रडल्या. निघताना त्यांनी शाळेमागची मूठभर माती बिस्किटाच्या डब्यात घेतली आणि परत गेल्यावर घरच्या तुळशीत घातली. तसा फोटोही पाठवला.

नाताळात मी वसईतल्या पापडीला ऑगस्टीनकडे गेलो. ऑगस्टीन आणि मी वीस वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. तो वसईचा मूळचा, ख्रिस्ती, घरची वाडी असलेला. मी साताऱ्याकडून आलेला. इथे राहून मला तेहतीस वर्षं झाली तरी तो मला पाहुणाच समजतो. फराळाच्या ताटात त्याच्या बायकोने एक तपकिरी पुडकं ठेवलं. वाळलेल्या सोपात गुंडाळलेलं, दोरीने बांधलेलं.

“हे काय?”

“सुकेळी. इथल्याच आगाशीहून आणली. राजेळी केळ्यांची.” ऑगस्टीन हसला. “तेहतीस वर्षं वसईत राहतोस, कदमा, आणि सुकेळी ओळखत नाहीस?”

सुकेळी मी ओळखत होतो. प्लास्टिकच्या पाकिटातली, महोत्सवातल्या स्टॉलवरची. ही बांधणी पाहिली नव्हती. मी पुडकं हातात घेऊन बसून राहिलो, मग त्याला कमलाबाईंच्या आजीची गोष्ट सांगितली.

ऑगस्टीनने ताट बाजूला ठेवलं. “आणि तू त्या बाईला कुठे पाठवलंस?”

“राजापूरला.”

“अरे, तुझ्या गच्चीवरून दगड मारला तर आमच्या केळीत पडेल! ती तुझ्या घरात बसून तुला आमची सुकेळी सांगत होती आणि तू तिला घेऊन गेलास राजापूरला?”

“केळी कुणीही वाळवेल.”

“वाळवेल. पण अशी बांधेल कोण?” मग म्हणाला, “पूर्ण पान मागवलं होतंस ना?”

मी पुडकं उलटंसुलटं करून पाहू लागलो. वीस वर्षं समोर बसलेल्या माणसाला उत्तर लागत नाही.

घरी येऊन कमलाबाईंना लिहिलं की एका शंकेसाठी संपूर्ण पान हवं आहे, आणि सोबत पुडक्याचा फोटो जोडला. शंका कोणती ते लिहिलं नाही. महिन्याभराने पान आलं. पत्र नाही, फक्त पान.

अठरा माणसांची तुकडी. पहिला माणूस त्यांचा मुकादम. त्याच्यापुढे गाव, तालुका आणि जिल्हा वळणदार अक्षरात. खाली सतरा जणांच्या पुढे, रकाना संपेपर्यंत, दोन-दोन अक्षरांची इंग्रजी खूण. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. सतरा माणसं, पाच निरनिराळ्या जाती, आणि सगळी एका गावची! धोंडी अकरावा. उतारा काढणाऱ्याने अकराव्या ओळीतल्या खुणेच्या जागी मुकादमाचं गाव पूर्ण लिहून दिलं, म्हणून उतारा इतका स्वच्छ होता.

पानाच्या तळाशी बायका होत्या, वेगळ्या हाताने लिहिलेल्या. धोंडीची बायको तिथे होती. जिल्हा ठाणे, तालुका बासीन. बासीन म्हणजे वसई, इंग्रजांच्या तोंडची. गावाचा रकाना कोरा. रेघसुद्धा नाही.

बायकोचं गाव तेच नवऱ्याचं असं नाही, हे मला कळतं. केळ्याच्या पुडक्यावरून वंशावळ लावता येत नाही, हेही कळतं. पण राजापूरला कसलाच आधार उरला नव्हता. आणि सतरा खुणा ओढणाऱ्या त्या कारकुनाचा मला राग येईना, कारण मी त्याला आतून ओळखत होतो. दुपारची वेळ, समोर अठरा माणसं, भाषा कळत नाही, तपासणी जवळ आलेली.

नोकरीच्या मधल्या काळात आमच्याकडे एक जीर्ण जन्म-मृत्यू वही नव्याने उतरवून काढायचं काम आलं. गावाच्या रकान्यातली शाई उडाली होती. भिंग लावून, उन्हात धरून वाचता आली असती. मी पहिलं गाव वाचलं आणि खाली दीडेकशे ओळी ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं. दोन दिवसांत वही पूर्ण. साहेबांनी कौतुक केलं. बऱ्याच वर्षांनी जव्हारकडचा एक वारली माणूस आला. मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचं गाव लागत होतं. मी वही काढली. माझंच अक्षर. मूळ वही तोवर वाळवीने संपवली होती.

“नोंदीत जे आहे ते आहे,” मी त्याला म्हणालो.

तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत होता. “अक्षर चांगला हाय, साहेब,” म्हणाला आणि गेला.

त्याच्या मुलीचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

कमलाबाईंना सांगावं की नाही, यावर आठ दिवस घालवले. नलिनी म्हणाली, “त्या माउलीचं हृदय आधीच दोनदा कापलंय. राहू द्या.” ऑगस्टीन म्हणाला, “सांग. नाहीतर तू पुन्हा वरीलप्रमाणेच लिहितोयस.” सरपंचांना फोन केला तर ते म्हणाले, “साहेब, दगड बसलाय आता. सिमेंट वाळलं.”

शेवटी मीच कमलाबाईंना व्हिडिओ कॉल लावला. तयार केलेली वाक्यं होती, ती सुरू करायच्या आतच त्या म्हणाल्या:

“गुरुजी, मी चाळीस वर्षे शाळेत हजेरी घेतली. पूर्ण वर्गाची हजेरी एका रेघेत कशी लावतात, ते मला ठाऊक आहे. पान पाहिल्यावर मी एक आठवडा आपल्यावर रागावले होते. म्हणून पत्र लिहिले नाही.”

“चूक माझीच आहे,” मी म्हणालो. “पान मागवायला हवं होतं. तुम्ही एकच गोष्ट सांगितली होती.”

“होय,” त्या म्हणाल्या. नाही नाही, असू द्या वगैरे काही म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मग त्यांनी कॅमेऱ्यासमोर एक पुडकं धरलं. माझा फोटो पाहून त्यांनी स्वतः बांधलेलं, आजीने शिकवलेल्या पद्धतीने. आगाशीच्या पुडक्याला दोरीचा आडवा वेढा दोनदा आणि उभा एकदा होता. यालाही तसाच.

“इथून पाठवू का सुकेळी?” मी विचारलं.

“नको. आमच्या विमानतळावरील लोक केळ्यास फार घाबरतात.” त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. “त्या गावातील आजींना काही सांगू नका. त्यांनी मला कुणाची का असेना म्हणून स्वीकारले, कागद पाहून नव्हे. ती माती तुळशीतच राहील. परंतु कागद दुरुस्त करा. मी आता येऊ शकणार नाही. माझी नात येईल.”

मी शोध संपला की एक पत्रक देतो. आखलेलं, माझ्या अक्षरात, सही आणि तारीख. मॉरिशसमध्ये लोक ते चौकट करून भिंतीवर लावतात. कमलाबाईंचं जुनं मी रद्द केलं आणि नवं लिहायला घेतलं. नाव, धोंडी. बाप, राघो. पत्नी. जहाज. जिल्हा, ठाणे, आता पालघर. तालुका, बहुधा वसई. ‘बहुधा’ हा शब्द सरकारी कागदावर मी आयुष्यात लिहिला नव्हता.

मग गाव. आगाशी लिहायचा मोह झाला. ऑगस्टीन शेजारी बसून तेच लिही म्हणत होता, आणि ते कदाचित खरंही असेल. लिहिलं नाही. सवयीने हात रेघ मारायला गेला. कोऱ्या जागेवर रेघ, म्हणजे पुढे कुणी काही भरू नये.

“मार की,” ऑगस्टीन म्हणाला. “साहेब ओरडेल.”

मी हात मागे घेतला. रकाना कोरा ठेवला, जरा मोठा आखून, आणि खाली सही केली.